दीड मिलिमीटर

चारुदत्तने वॉशर व्हर्नियरमध्ये धरलं, चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचला आणि मोटरसायकलच्या उचललेल्या टाकीखाली हात घालून ते अ‍ॅल्युमिनियमच्या एका छोट्या ठोकळ्यामागे सरकवलं. दीड मिलिमीटर. स्क्रू परत आवळला. मग हँडलची उजवी मूठ, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, शेवटपर्यंत पिळून बघितली. आधीपेक्षा ती थोडी लवकर अडली.

गाडी त्याच्या मुलीची होती. शमिकाला नुकतीच अठरा पूर्ण झाली होती, आणि अठराव्या वर्षी जर्मनीत जे लायसन्स मिळतं त्यावर पहिली दोन वर्षं पस्तीस किलोवॉटच्या वरची गाडी चालवता येत नाही. तिची गाडी मुळात चोपन्नची. म्हणून हा ठोकळा. तो असला की मूठ अर्ध्यावर अडते, इंजिनाला हवा कमी मिळते आणि चोपन्नचे पस्तीस होतात. इथे या प्रकाराला ड्रॉसेल म्हणतात. गाडी ट्रेलरवर चढवून तपासणीला नेली, तिथल्या बाईंनी टॉर्च मारून ठोकळ्यावरचा नंबर वाचला, शिक्का मारला, आणि काल गाडीच्या नोंदणीच्या कागदावर पस्तीसचा आकडा छापूनही आला. जर्मन सरकारचं समाधान झालं होतं. चारुदत्तचं झालं नव्हतं.

खरं तर ही गंमतच होती. त्सुफेनहाउझेनच्या कारखान्यात इंजिनांच्या टेस्ट बेंचवर त्याने बावीस वर्षं काढली होती, आणि या बावीस वर्षांत त्याने एकच काम केलं होतं: आहे त्या इंजिनातून आणखी थोडी ताकद काढायची. एकदा चार हॉर्सपॉवरसाठी त्याच्या टीमने अख्खा हिवाळा घालवला होता. आणि आज शनिवारी दुपारी, स्वतःच्या गॅरेजमध्ये, त्याने एका वॉशरने पंधरा हॉर्सपॉवर काढून घेतली होती. काल रात्री जेवणानंतर पाकिटाच्या मागे त्याने गणितही मांडलं होतं. पस्तीस किलोवॉटचे साधारण चोवीस. हमरस्त्यावर जरा मंद वाटेल, पण नवशिकी मुलगी आहे, तिला काय कळणार?

“काय घातलंस आत?”

चारुदत्त दचकला. गॅरेजच्या दाराशी, उन्हाचा तुकडा पडला होता तिथे, पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट उलटा घालून अण्णा बसले होते. त्याचे वडील, पद्माकर. तीन आठवड्यांपूर्वी कऱ्हाडहून आले होते. मे महिन्यातही अंगात स्वेटर. चारुदत्तला वाटलं होतं, त्यांना डुलकी लागली आहे.

“काही नाही अण्णा. जरा सैल वाटत होतं.”

“सैल वाटलं म्हणून मापून घातलंस?”

चारुदत्तने फडकं उचललं आणि स्वच्छ असलेले हात पुसायला घेतले. अण्णा गुडघ्यांवर हात टेकवून उठले, गाडीपाशी आले. त्यांनी मूठ पिळली, सोडली, पुन्हा पिळली. कान इंजिनाकडे लावल्यासारखं डोकं तिरकं केलं, खरं तर इंजिन बंदच होतं. कऱ्हाडच्या एसटी वर्कशॉपमध्ये पंप सेक्शनला त्यांनी तेहतीस वर्षं नोकरी केली होती. बसने ठरलेल्यापेक्षा जास्त पळू नये म्हणून डिझेल पंपाचा गव्हर्नर लावायचा आणि ड्रायव्हरने छेडू नये म्हणून वरून शिसाचं सील ठोकायचं, हे त्यांचं रोजचं काम. ड्रायव्हर लोक त्यांना येताजाता शिव्या घालायचे आणि दिवाळीला पेढेही आणून द्यायचे.

“दीड असेल,” अण्णा म्हणाले.

“दीडच आहे.”

“कागदावर आहे?”

“नाही.”

“पोरीला माहीत आहे?”

वरच्या मजल्यावर शमिकाच्या जड बुटांचा आवाज चालू होता. ती पहिल्या फेरीची तयारी करत होती. तिची आई, स्वरूपा, क्लिनिकमध्ये ड्यूटीवर. तिने सकाळीच सांगून टाकलं होतं की ती निघताना मला बघायचंच नाही, पोचली की मेसेज करा.

“अण्णा, तुम्ही इथला ऑटोबान बघितलाय. मागून दोनशेने येतात लोक.”

“तेच म्हणतोय मी. मागून दोनशेने येतात आणि तिच्या गाडीला दम नाही. तिला ते ठाऊकही नाही.”

हे चारुदत्तला कळत नव्हतं असं नाही. कालच्या गणितात फक्त हा भाग त्याने मांडला नव्हता.

अण्णा परत क्रेटवर जाऊन बसले. स्वेटरची बाही खाली ओढली, वर केली. मग त्यांनी जे सांगितलं ते इतक्या साध्या आवाजात, की चारुदत्तला पहिल्यांदा ते नीट ऐकूच आलं नाही.

“तुझ्या गाडीत सहा मिलिमीटरचं होतं.”

“कुठल्या गाडीत?”

“तुला इंजिनियरिंगला घेऊन दिलेली ती. लाल. कार्बोरेटरमध्ये, स्लाइडच्या वर, स्प्रिंगच्या आत. पितळी बुश, मूठ पुरती उघडू नये म्हणून. मी लेथवर काढलं होतं.”

लाल गाडी. शंभर सीसीची, सेकंडहँड, कऱ्हाडच्या कॉलेजात असताना घरी आली तेव्हा अख्ख्या आळीने बघून घेतलेली. पंचावन्नच्या वर ती कधी गेली नाही. मित्रांच्या त्याच गाड्या ऐंशीला टेकायच्या. याची म्हणजे म्हैस. महाबळेश्वरच्या ट्रिपला सगळे वर पोचून चहा पिऊन बसायचे, आणि मग चारूची म्हैस यायची. त्याने काय केलं नव्हतं? रिंग बदलल्या, प्लग बदलले, पेट्रोल बदलून पाहिलं, लायब्ररीतली इंजिनांवरची पुस्तकं पालथी घातली. एवढ्या सगळ्यातूनच तो इंजिनांच्या नादी लागला होता. मुलाखतीत विचारलं की या क्षेत्रात कसे आलात, की तो म्हशीची गोष्ट सांगायचा, आणि जर्मन लोक मनापासून हसायचे.

आणि पितळी बुश. ते त्याला लख्ख आठवलं. दर रविवारी अंगणात पोतं अंथरून तो कार्बोरेटर उघडायचा. स्लाइड, सुई, स्प्रिंग आणि ते सोनेरी बुश. सगळ्या भागांत सुरेख तेच होतं. कुठे ओरखडा नाही, कडा अशा घासून मोडलेल्या की बोट फिरवावंसं वाटावं. तो ते पेट्रोलमध्ये बुडवायचा, अण्णांच्या जुन्या बनियनच्या तुकड्याने चमकवायचा आणि काळजीपूर्वक परत जागेवर बसवायचा.

“मला वाटलं कंपनीचंच आहे,” तो म्हणाला.

“हो,” अण्णा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात नको तेवढा अभिमान आला. “काम तसंच झालं होतं ते.” मग ते ओशाळले. “मी ओसरीवरून बघत असायचो. वाटायचं, आज तरी हा विचारेल, हे काय आहे म्हणून. तू पुसून परत घालायचास.”

चारुदत्तला राग आला. पन्नाशीच्या माणसाला एकोणीस वर्षांच्या मुलासारखा राग आला.

“आणि तो उंब्रजचा ट्रक?”

अण्णांनी मान खाली घातली. म्हणजे त्यांनाही आठवत होतं. तिसऱ्या वर्षाला असताना उंब्रजच्या पुढे तो उसाच्या ट्रकला ओलांडायला बाहेर निघाला, गाडीने ओढलंच नाही आणि समोरून बस आली. उजवीकडे रस्ता सोडून तो शेतात गेला. लागलं फारसं नाही. पण त्या दिवसापासून त्याने एक गोष्ट मनाशी धरली होती: आपल्याला अंदाज येत नाही. गाडीवर बसायचे हात वेगळे असतात, ते आपले नव्हेत. पुढे तो इंजिनं बनवत राहिला, पण दुचाकीवर कधी बसला नाही. या देशात तर त्याने दुचाकीचं लायसन्सही काढलं नव्हतं.

“तेव्हा तरी काढायचं होतं, अण्णा.”

“त्या दिवशी उघडलं होतं मी. तू झोपला होतास. हातात घेऊन बसलो. काढलं तर तू पळवशील, ठेवलं तर पुन्हा असं होईल. ठरवता आलं नाही. परत बसवलं. विकताना काढलं. घेणारा दोन दिवसांनी सांगायला आला, म्हणाला काका, गाडी वाऱ्यासारखी जाते.”

“मला का नाही सांगितलं?”

“सांगणार होतो. मग तू पुण्याला गेलास. मग इकडे आलास. मग फोनवर काय सांगायचं हे? तू तर साहेब लोकांना म्हशीची गोष्ट सांगून हसवतोस.”

जिन्यावर बूट वाजले. शमिका खाली आली, एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात हातमोजे, केस घट्ट बांधलेले. खांदे आपल्या आजोबांसारखे किंचित पुढे.

“पापा, फेर्टिग?”

झालं का, असं ती विचारत होती. मराठी तिला सगळं कळायचं. बोलायची ती बहुतेक वेळा जर्मन. चारुदत्तच्या हातात फडकं होतं. झालं म्हणायला एक शब्द पुरला असता. टाकी खाली घेतली असती, दोन बोल्ट लावले असते, आणि ती निघून गेली असती. महिनाभराने तीही कधीतरी जेवताना म्हणाली असती, मला ओव्हरटेक करायचा अंदाज येत नाही.

“नाही,” तो म्हणाला. “इकडे ये. हा ड्रॉसेलचा ठोकळा. याच्यामागे एक वॉशर आहे. ते कागदावर नाही. मी घातलंय, आत्ता, तू वर असताना.”

शमिकाने ठोकळ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “वारुम?”

“भीती वाटली म्हणून.”

ती जर्मनमध्ये बोलायला लागली, भरभर, आणि तिचा आवाज चढला नाही हेच जास्त वाईट होतं. परीक्षेत तिला एकही चूक नव्हती. परीक्षकाने हात मिळवला होता. ऑटोबानवर चढताना, ट्रकसमोर आत घुसताना गाडी किती ओढेल यावर ती भरवसा ठेवणार होती. आणि ओढलं नसतं तर तिला काय वाटलं असतं? की तिलाच येत नाही?

“हो,” चारुदत्त म्हणाला. “तसंच वाटलं असतं.”

त्याचं उत्तर तिला अनपेक्षित होतं. मग तिने हेल्मेट जमिनीवर ठेवलं आणि हात पुढे केला. त्याने स्क्रू-ड्रायव्हर दिला.

“पपीरं,” ती म्हणाली. कागद.

त्याने खोक्यातून ड्रॉसेलबरोबर आलेला कागद काढून दिला. तिने तो टाकीवर पसरला, स्क्रू काढले, वॉशर बाहेर घेतलं आणि न बघता बाजूच्या फळीवर ठेवलं. ठोकळा पुन्हा बसवला. एवढ्यावर ती थांबेल असं त्याला वाटलं होतं. ती थांबली नाही. एकेका भागावर बोट ठेवून विचारत गेली.

“हे?”

“कंपनीचं.”

“हे?”

“कंपनीचं.”

“आणि हा स्क्रू?”

“ड्रॉसेलचा. कागदावर आहे, दुसरी ओळ.”

तिने दुसरी ओळ वाचून खात्री केली. कालपर्यंत बापाने गाडीला हात लावला की ती बिनघोर मोबाईल बघत बसायची. चारुदत्तला ते लागलं, चांगलंच लागलं. तिने मान आणखी आत घातली तसा त्याने टॉर्च उचलला आणि तिचं बोट जाईल तिथे उजेड धरत राहिला.

“मला हे जमलं नव्हतं,” क्रेटवरून उठून मागे उभे राहिलेले अण्णा हळूच म्हणाले. कुणाला, ते कळलं नाही. चारुदत्तने मागे वळून पाहिलं नाही, पण टॉर्च डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताने क्रेट त्यांच्याकडे सरकवला.

वीस मिनिटांनी टाकी खाली आली. शमिकाने मूठ पिळली. बरोबर जिथे अडायला हवी तिथे अडली. तिने हेल्मेट घातलं, गाडी गॅरेजबाहेर काढली.

“बेटा, कोपऱ्यावर वळलीस की एक हॉर्न दे,” अण्णा म्हणाले. कऱ्हाडला घरातून गाडी काढली की पिठाच्या गिरणीपाशी वळताना एकदा हॉर्न वाजवायचा, म्हणजे घरच्यांना कळायचं, लागला रस्त्याला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी हे तिला सांगितलं होतं, आणि तिने हसून उत्तर दिलं होतं, फेरबोटन, आजोबा. कारण नसताना हॉर्न वाजवायला इथे बंदी आहे. ती या गावात वाढली होती. रिकाम्या रस्त्यावरही लाल दिव्याला उभी राहणारी मुलगी.

आज तिने उत्तरच दिलं नाही. काच खाली ओढली आणि निघाली. बापाकडे तिने पाहिलं नव्हतं.

दोघे गॅरेजच्या दारात उभे राहिले. चारुदत्त सवयीने आवाज ऐकत होता. पहिला गिअर, दुसरा, मग कचऱ्याच्या डब्यांपाशी थोडा हळू. इंजिन स्वच्छ चाललं होतं. अण्णांनी फळीवरचं वॉशर उचललं, अंगठ्याने कड चाचपली.

“कडा मोडल्या नाहीस,” ते म्हणाले. “अशाने स्क्रू बसत नाही नीट.”

“घाई होती.”

आवाज कोपऱ्यापाशी गेला आणि बारीक झाला. शनिवारची दुपार, सगळी गल्ली गप्प. आणि मग हॉर्न वाजला. एकच, लांब, चांगला मोठा. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी खिडकी उघडली आणि रागाने रस्त्याकडे पाहिलं.

चारुदत्तने त्यांना हात केला.

“वळली,” अण्णा म्हणाले.