नवलाई मार्टमधला घट

रुक्माबाईंनी उभ्या जन्मात कुणावर आवाज चढवला नव्हता. दारातल्या कुत्र्यालाही त्या 'जाय बाबा' म्हणायच्या. पण त्या दिवशी हिंगोलीच्या नवलाई मार्टमध्ये पाऊल टाकलं आणि त्यांची कानशिलं तापली.

नवरात्राची नवमी होती. नऊ दिवसांचा उपास, पाय अनवाणी. त्यांची सून पुनम याच दुकानात कामाला. सकाळी तिचा फोन आला, "आत्याबाई, इथला घट आजच काढून टाकून राहिले. मी काय करू?" रुक्माबाई घरच्या घटाला माळ चढवून तशाच वारंगा फाट्याला आल्या आणि मिळेल त्या गाडीत बसल्या.

या कंपनीच्या दुकानांत सणागणिक देखावा बदलतो. या खेपेला 'आपलं गाव' होतं. प्लायवूडची बैलगाडी, निळ्या प्लास्टिकच्या पाण्याची विहीर, थर्माकोलची गाय, कामाच्या पोरींना तयार शिवलेली नऊवार. खोक्यातून घटही आला होता, पण त्यातलं प्लास्टिकचं गवत पार चेंगरलेलं. तेव्हा मॅनेजर स्वप्निल पुनमला म्हणाला, "तुम्हीच करा काहीतरी हिरवं."

पुनमला घट मांडायची एकच रीत ठाऊक. तिनं वावरातली माती आणली, गहू-ज्वारी पेरली, मडक्यात पाणी भरलं, हळद-कुंकू वाहिलं आणि रोज एक माळ चढवली. आता धन, म्हणजे घटात उगवलेली रोपं, वीतभर आलं होतं. खरेदीला आलेल्या बाया हातातली टोपली खाली ठेवून पाया पडत होत्या. पण त्या घटाच्याच डोक्यावर पुठ्ठ्याची पाटी होती, 'सेल्फी पॉइंट'. एक पोरगी बुटासकट घटाच्या प्लायवूडच्या चौथऱ्यावर चढून, ओठांचा चंबू करून फोटो काढत होती.

रुक्माबाई त्या पोरीच्या बाजूनं पुढं निघाल्या. सरळ स्वप्निलकडं गेल्या.

"साहेब, घट दसऱ्याला उठतो. उद्या."

"आजी, तो घट नाही, डिस्प्ले आहे," स्वप्निल समजुतीनं म्हणाला. "दिवाळीचा राजवाडा आलाय. दुपारी हे सगळं काढायचंय."

"पेरलंय त्याच्यात. उगवलंय. मंग डिसप्ले कसा म्हणता?"

"अहो, वरून ऑर्डर आहे."

"माझी बी वरूनच हाय."

स्वप्निल हसला. त्या हसण्यानं रुक्माबाईंच्या पोटातला उपासाचा जाळ डोक्यात गेला. त्या घटापाशी आल्या, ती पाटी ओढून काढली, चौथऱ्यासमोर पालथी टाकली आणि तिच्यावर मांडी घालून बसल्या. पुनम कोपऱ्यात जीव मुठीत धरून उभी. नोकरी तिची होती.

दुपारी माणसं राजवाड्याचे सोनेरी खांब घेऊन आली. रुक्माबाई हलल्या नाहीत. माणसांनी त्यांना वळसा घालून खांब उभे केले. गिऱ्हाइकं थबकू लागली.

"काय हुबेहूब बसवलीय म्हातारी," एक बाप्या बायकोला म्हणाला. "पापणीबी हालते."

"माणूस हाय हो ते."

"मंग रोजानं बसवली असंल."

आणि त्यानं लेकराला रुक्माबाईंच्या शेजारी उभं करून फोटो काढला. मग दुसऱ्यानं. रुक्माबाईंनी पदर पुढं ओढला, तर कुणीतरी म्हणालं, "हां, असंच राहू द्या, लई भारी दिसतंय." त्यांनी देवीचं नाव घ्यायला ओठ हलवले, पण त्या दिवशी नावही दातांखाली चावल्यासारखं निघत होतं.

संध्याकाळी स्वप्निल धावतच आला. चेहरा खुललेला.

"आजी, वरच्या साहेबांनी फोटो पाहिले. घट राहू दे म्हणाले. दिवाळीपर्यंत. तुम्हीही रोज या. नऊवार देतो, नथ देतो."

"दिवाळीपर्यंत?"

"आता तर खूश ना?"

रुक्माबाईंनी मनात हिशेब मांडला. नवमीला उठवायला निघालेला माणूस आता दसऱ्याला उठू देईना. रीत मोडली काय अन् राखली काय, याच्या लेखी सारखंच. आणि त्यांनी दिवसभर धरलेला हट्ट याच्या खात्यात गाय, बैलगाडी आणि विहिरीच्या रांगेत जाऊन बसला होता.

"काहून खूश होऊ, बाबा," एवढंच त्या बोलल्या. दुकान बंद व्हायच्या वेळी उठल्या, पुनमला सोबत घेऊन घरी गेल्या.

दसऱ्याला दुकान उघडताच सासू-सून हजर. पुनम स्वतःच्या साडीत. रुक्माबाईंनी घटाला नैवेद्य दाखवला, घट हलवला आणि धन उपटलं. चार पाती पुनमच्या कानावर खोवली. मग दोघी मिळून माती घरून आणलेल्या पाटीत भरू लागल्या.

"अहो, काय करताय?" स्वप्निल आडवा आला. "पुनमताई, सांगा यांना. साहेबांना मी काय दाखवू?"

पुनमनं कंपनीची नऊवार घडी घालून त्याच्या हातात दिली. "सर, उद्या यू का नको, ते सांगा. पन आज घट उठला."

"इथं आता ठेवू तरी काय मी?"

रुक्माबाईंनी चौथऱ्यावरची शेवटची माती पदरानं पुसून पाटीत टाकली. मडक्याच्या बुडाचं ओलं वर्तुळ तेवढं प्लायवूडवर राहिलं.

"तुमचं प्लास्टिकचं गवत हाय की," त्या म्हणाल्या. "झटका अन् लावा. त्येला दसरा लागत न्हाई."

आवाज नेहमीसारखाच हळू होता. पाटी डोक्यावर घेऊन त्या थर्माकोलच्या गाईला धक्का देत बाहेर पडल्या. गाय आडवी झाली. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.