एका डॉलरला विकलेली गाडी

मी अमेरिकेतल्या टोलीडो शहरातली एक निळी गाडी बोलतेय. तेरा हिवाळे काढलेत. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने दारं गंजलीत, हीटर लहरीप्रमाणे चालतो. पण लोरेन नोविकीने किल्ली फिरवली आणि मी नाही म्हटलं, असं कधी झालं नाही.

लोरेन घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना आंघोळ घालते, औषधं देते. सकाळी सातला मिसेस डुडा, दहाला दूर शेतांपलीकडचे हँकबाबा. तिकडे बस जात नाही. मी आहे म्हणून तिची नोकरी आहे. ही बढाई नाही.

नवरा फ्रँक आजारी पडला तेव्हा इस्पितळाचं बिल तिने एका क्रेडिट कार्डावर टाकलं, त्या कार्डाचा हप्ता दुसऱ्यावर. फ्रँक गेला, कार्डं उरली. वसुलीवाल्यांचे फोन ती माझ्यात बसून घ्यायची आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायची. शेवटी तिने दिवाळखोरीचा अर्ज करायचं ठरवलं.

तेव्हा तिचा धाकटा भाऊ जीन आला. हा सर्वज्ञ!

"ताई, कोर्ट गाडी उचलून नेईल. माझ्या नावावर कर. चालव तूच."

"अरे, पण वकिलाला विचारू का?"

"वकील मिनिटाचे पैसे लावतो. सही कर गं!"

एका डॉलरला मी जीनची झाले. त्याने तो डॉलर खरंच दिला, वर हसलाही. वकिलाने गाडीचं विचारलं तेव्हा लोरेन म्हणाली, "माझ्या नावावर नाही."

मग तिच्या मालमत्तेचा हिशेब बघायला कोर्टाने नेमलेल्या विश्वस्तासमोर शपथ झाली. त्याने विचारलं, "अलीकडे कुणाला काही दिलंत, विकलंत?" जीनने गप्प राहायला बजावलं होतं. पण शपथेवर खोटं बोलणं तिला जमेना. तिने सगळं सांगितलं.

परत येताना ती मलाच सांगत होती, "तो विश्वस्त म्हणाला, मॅडम, एवढी जुनी गाडी कायद्याने तुम्हालाच सोडली असती. नुसती नावावर ठेवायची होती. आता लपवलीत, म्हणून ती सवलत गेली." मला संताप आला. जीनचा, तिचा, आणि माझ्या मुक्या तोंडाचाही.

कर्जं माफ झाली. पण विश्वस्ताने जीनला केलेली विक्री रद्द केली, आणि कर्ज देणाऱ्यांना थोडे पैसे मिळावेत म्हणून मी लिलावाला निघाले. वाटेत तिने पेट्रोल भरलं.

"वेडी आहेस का ताई?" शेजारी बसलेला जीन ओरडला. "परक्याच्या घशात घालतेस!"

"रिकाम्या पोटी मी कुणाला घराबाहेर काढत नाही."



आता माझ्या काचेवर खडूने आकडा लिहिलाय. बाबांनो, बुडायची वेळ आली तर लाजू नका, लपवू नका. आधी जाणत्याला विचारा. आणि उद्या मला कुणीही नेलं, तरी सकाळी सातला एकदा मिसेस डुडांच्या दारावरून न्या. त्या खिडकीत बसलेल्या असतील. निळी गाडी दिसली की त्या हात हलवतात.