नऊ इंची भिंत

तिने स्टेथोस्कोपची चकती भिंतीला टेकवली आणि श्वास रोखला. खिडकीजवळ काही नाही. कपाटाच्या बाजूलाही काही नाही. पलंगाच्या उशाशी आली, तशी पलीकडच्या रेडिओवरची बाई थेट तिच्या कानात उद्याचं हवामान सांगू लागली.

"मिस्त्री, जरा इकडे या," ती म्हणाली.

खिडकीच्या चौकटीत रबरी पट्टी बसते का, ते सुतार बघत होता. पट्टी खाली ठेवून तो सावकाश आला. तीन वर्षांपूर्वी या खोलीतलं कपाट त्यानेच केलं होतं. लाकडावर बोट वाजवून आतली पोकळी सांगायचा म्हणून बरोबरचे कारागीर त्याला कानसेन म्हणत.

ती नर्स होती आणि रात्रपाळी तिने स्वतः मागून घेतली होती. सकाळी नऊला आडवं व्हायचं, तीनला उठायचं. गेले चार महिने मात्र डोळ्याला डोळा लागत नव्हता. शेजारच्या खोलीत सासूबाई असत. त्यांचे कान जड होत चालले होते आणि रेडिओचा आवाज त्याच मापाने चढत होता. नवरा म्हणायचा, आवाज रस्त्यावरून येतो. त्याने खिडकीला दुहेरी काच लावून घेतली, जाड पडदे आणले. तिने भिंतीचं नाव काढलं की म्हणायचा, "अगं, नऊ इंची भिंत आहे. हातोडा मारलास तरी पलीकडे कळायचं नाही." शेवटी आज तो ऑफिसला गेल्यावर तिनेच सुताराला फोन केला.

सुताराने मेन स्विच बंद केला. सासूबाईंचा सेलवरचा रेडिओ तरीही वाजतच होता. उशाजवळच्या स्विचबोर्डाचे स्क्रू काढून त्याने बोर्ड तारांसकट बाहेर ओढला. मागे वीट नव्हती. दुसऱ्या बोर्डाची पाठ दिसत होती आणि तिच्या कडेने उजेडाची बारीक रेघ आत येत होती.

"इथंच घोडं पेंड खातंय," तो म्हणाला. "दोन्ही खोल्यांचे बोर्ड पाठीला पाठ. इकडचं हळू बोललेलंही तिकडे जात असणार. पण हे मी साहेबांना बोललो होतो की."

"कधी?"

"कपाट बसवलं तेव्हाच. म्हटलं, कापूस घालून पुट्टी भरून देतो, दहा मिनिटांचं काम. तर म्हणाले, राहू दे. आईला हृदयाचं दुखणं आहे, हाक मारली तर ऐकू आली पाहिजे. मलाही बरं वाटलं हो, आईची एवढी काळजी करणारा मुलगा."

ती पलंगावर बसली. स्टेथोस्कोप अजून गळ्यातच होता.

दोन वर्षांपूर्वी तिच्या हातून एका रोग्याचं इंजेक्शन दुसऱ्याला गेलं होतं. तिने लगेच डॉक्टरांना सांगितलं, माणूस वाचला. हॉस्पिटलबाहेर हे तिने दोघांनाच सांगितलं. याच उशीवर डोकं ठेवून नवऱ्याला, आणि फोनवर धाकट्या बहिणीला. आठवडाही गेला नसेल, भरल्या घरात, पाहुण्यांसमोर, सासूबाईंनी तिने पुढे केलेली गोळी परत सारली. "नको बाई. चुकीची सुई टोचणाऱ्या हातचं औषध मला नको."

नवऱ्याने शपथ घेतली होती, आईला मी एक अक्षर बोललो नाही. शपथ खरीच होती. वर म्हणाला होता, "तुझ्या धाकटीच्या पोटात कधी काही राहिलंय का?"

त्या दिवशी ती बहिणीला जे बोलली, ते वैऱ्यालाही कुणी बोलत नाही. बहीण एवढंच म्हणाली, "ताई, मी नाही गं सांगितलं," आणि तिने फोन ठेवला. पुढे बहिणीला मुलगी झाली. फोटो आला. तिने उत्तर दिलं नाही. ती पोर आता चालत असेल.

तिने नवऱ्याला फोन लावला.

"आवाज कुठून येतो ते सापडलं," ती म्हणाली.

"खिडकीतूनच ना?"

"बोर्डातून. तुला माहीत होतं."

तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "अगं, तेव्हा सांगितलं असतं तर तू आईशी भांडली असतीस. मला याच घरात राहायचंय. बहिणीबहिणींचं काय, आज ना उद्या मिटतंच."

तिने फोन बंद केला. इतका राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता आणि तो नवऱ्याचा किती, स्वतःचा किती, हे तिला सांगता आलं नसतं.

"भरून टाकू का, ताई?" सुताराच्या हातात कापसाचा गोळा होता.

"थांबा जरा."

बहिणीचा नंबर तिने पुसला नव्हता. घंटा बराच वेळ वाजत राहिली.

"हॅलो," बहीण म्हणाली. मागे लहान मूल काहीतरी आपटत होतं.

"धाकटे, मी बोलतेय. फोन ठेवू नकोस."

बहिणीने फोन ठेवला नाही.

"तू सांगितलं नव्हतंस. मला आज कळलं."

शेजारच्या खोलीतला रेडिओ बंद झाला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, भिंतीच्या जवळ, अगदी बोर्डापाशी. सुताराने उघड्या भोकाकडे पाहिलं आणि न बोलता कापूस पुढे केला.

तिने मानेनेच नको म्हटलं. सासूबाईंचे कान जड झाले होते, म्हणून तिने आवाज जरा चढवला आणि बहिणीला पहिल्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली.