हिरव्या रंगातलं गाव

माझ्या सख्ख्या मामाने आमच्या साहेबांच्या तोंडावर ठोसा हाणला आणि हवामान नकाशांच्या त्या मरगळलेल्या ऑफिसात पहिल्यांदाच काहीतरी घडलं. साहेबांचा चष्मा फुटला. नाकातलं रक्त नव्या दुष्काळ-नकाशावर सांडलं. मामाच्या मागे त्याचं अख्खं गाव काठ्या घेऊन घुसलं होतं.

त्यांचा संताप खोटा नव्हता. गावात प्यायला थेंब नाही आणि नकाशात गाव हिरवं, म्हणजे दमट हवेचं, दुष्काळाचा धोका नसलेलं. टँकर लाल पट्ट्यातल्या गावांना. हिरव्यांना ठेंगा.

"दाखव, कुठं आहे हिरवं!" मामा साहेबांचं डोकं नकाशावर आपटत होता. कुणीतरी त्यांच्या पाठीत काठी घातली.

"मामा, सोड! मरतील ते!" मी त्याच्या दंडाला लोंबकळले. "साहेबांनी नाही केलं हे."

"मग कुणी केलं?"

ज्या गावचं पर्जन्यमापक बंद, त्याला शेजारच्या गावचा पाऊस लावायचा, ही आमच्या ऑफिसची रीत. शेजारचं गाव डोंगरावर, तिथे धो धो कोसळतो. आणि मामाच्या गावचं पर्जन्यमापक मामानेच दगडाने ठेचलं होतं. मेलं रोज कोरडं तोंड दाखवतं म्हणून! आमच्या घरी येऊन त्याने हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो.

साहेबांच्या घशातून घरघर येऊ लागली. मी घाबरले आणि सगळं सगळ्यांसमोर बोलून गेले.

काठ्या थांबल्या. साहेब घसरून खाली पडले. श्वास चालू होता.

"खरंय का रे?" मामाच्या शेजाऱ्याने विचारलं.

मामाने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मला खांद्यावर घेऊन हिंडायचा तो. खोटं बोल, मामा, खोटं बोल, असं मी मनात ओरडत होते.

"हो," तो म्हणाला.

पहिली काठी शेजाऱ्यानेच घातली. "डबक्याचं पाणी पिऊन माझी पोर गेली रे!" तो रडत होता आणि मारत होता. मग बाकीचे तुटून पडले. मी मध्ये घुसले तर मला केसांना धरून कपाटावर फेकलं. "आजच नकाशात गाव लाल करते, थांबा!" मी किंचाळत राहिले. मामा हलायचा थांबला तेव्हाच ते थांबले.

शेजाऱ्याने बाहीने तोंड पुसलं आणि माझ्याजवळ आला.

"ताई, मग टँकर उद्या येईल का?"