नऊ किलो

शिबिराची पोरं गावात आल्यापासून धम्मप्रियाचं लक्ष त्यांच्या हातातल्या कागदांवर होतं. विद्यापीठाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर, अन् आजचं काम लहान लेकरांची वजनं घ्यायचं. दारात आलेल्या ऋतुजा नावाच्या पोरीनं धम्मप्रियाच्या चौदा महिन्यांच्या लेकीला, सुजाताला, काट्यावर बसवलं, मैत्रिणीनं फोटो काढला, अन् लेकरू लगेच परत आईच्या हातात.

"किती भरलं?" धम्मप्रियानं विचारलं.

"नऊ किलो, ताई. एकदम मस्त हाय."

काट्यावरचा आकडा तर अजून थांबलाही नव्हता. दोन महिन्यांपासून सुजाता अंग धरत नव्हती. कागदावर नऊ लागले, की पुढं तिला कुणी तपासणारच नव्हतं.

"बघू कागद."

जिथं अजून पोरं गेलीच नव्हती, त्या पुढच्या चार घरांचीही वजनं भरलेली होती.

"कशाला भांडून राहिली पोरींशी?" सासू नागुबाई आतून ओरडली.

धम्मप्रियाला कॉलेजात असतानाचं भोकरजवळचं स्वतःचं शिबिर आठवलं. तिनंही एकाही दारात न जाता पारावर बसून चाळीस घरांचे फॉर्म भरले होते. प्रमाणपत्र अजून पेटीत होतं.

तिनं सुजाताला पुन्हा काट्यावर बसवलं, रडणं थांबेपर्यंत वाट पाहिली. सात किलो दोनशे.

ऋतुजाचा चेहरा उतरला. "सर म्हणले, जेवायच्या आत शंभर घरं करा..."

"हाव, आमचे सरबी असंच म्हणायचे."

नऊ खोडून धम्मप्रियानं खरा आकडा लिहिला. कागद मात्र परत दिला नाही.

"काटा उचल. त्या चार घरी मी येते तुझ्यासंग."