रानचेरीचं सरबत आणि दुसरी रेघ

टॅमरॅक गावात, बर्फाच्या मैदानामागे, व्हर्नाबाईंच्या घराचं गॅरेज आहे; त्यात त्या दुखरे घसे बरे करायच्या. त्या गुरुवारी संध्याकाळी तिथली गाड्यांची रांग पार मोठ्या रस्त्याला लागली होती. आत पोरं आ वासून उभी, घरट्यातली पिल्लं चाऱ्याला उभी राहतात तशी. मागे आया, खांद्यावर हॉकीच्या पिशव्या आणि डोळ्यांत देव. दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्ह्याची स्पर्धा, आणि निम्मं गाव घसा धरून बसलेलं.

आमच्याकडची रीत साधी आहे. घसा दुखला की मुलांच्या डॉक्टरकडे जायचं. तिथे घशात काडी फिरवतात, ती औषधी पाण्यात घुसळतात आणि त्यात कागदी पट्टी उभी करतात. एक रेघ उमटली तर पट्टी ठीक, आणि तो वाईट जंतू सापडला नाही. दोन उमटल्या तर जंतू आहे. मग गुलाबी औषध, आणि ते सुरू केल्यावर एक अख्खा दिवस घरी. त्या एका दिवसापायी गाव व्हर्नाबाईंच्या पायाशी गेलं. इथला माणूस रविवारची प्रार्थना चुकवील, पोराचा सामना चुकवणार नाही.

व्हर्नाबाईंकडेही तशाच पट्ट्यांचा डबा होता, कुठूनसा मागवलेला. वर पांढरा कोट आणि गळ्यात क्रूस. काडी अशी हलकी फिरवायच्या की पोराला उमासासुद्धा येत नसे. मग लाल टोपणाच्या चिमुकल्या बाटलीतून ‘ओळखीचा थेंब’ टाकायच्या आणि सुरात म्हणायच्या,

“एक रेघ देवाची, दुसरी रेघ तापाची,
रानचेरीच्या घोटापुढे काय मजल सापाची.”

पट्टीवर दोन रेघा उमटत. बायका सुस्कारत. मग चमचाभर रानचेरीचं सरबत, डोक्यावर हात, नवी काडी, नवी पट्टी. या वेळी ‘थेंबाची गरज नाही, कृपा पुरे.’ आणि रेघ एकच. पहिल्या पट्टीवर कोणी निरोगी निघालं नाही, दुसऱ्या पट्टीवर कोणी आजारी उरलं नाही. रोगराईला एवढी शिस्त कधी लागली, हे विचारायला कोणाला सवड नव्हती.

माझी नात ब्रिटा संघाची गोलरक्षक. दुपारीच डॉक्टर लुंडीनबाईंच्या पट्टीवर तिच्या दोन रेघा आल्या होत्या. अंगात ताप, घोट गिळताना डोळ्यांत पाणी. तरी माझी लेक मारित तिला गॅरेजात घेऊन गेली, आणि एक रेघ घेऊन परत आली. डॉक्टरांनी दिलेली गुलाबी औषधाची बाटली न उघडताच फ्रिजमध्ये मोहरीच्या सॉसमागे गेली.

“आई, रेघ गेली. मी डोळ्यांनी पाहिली,” ती म्हणाली.

“आणि ताप?”

“तो उतरेल. व्हर्ना म्हणाली.”

माझा धाकटा भाऊ आर्ने. त्याचाही घसाच दुखला होता लहानपणी. घसा आपोआप बरा झाला, सगळे विसरले. मग सांधे सुजले, आणि रोग त्याच्या काळजाच्या झडपेत जाऊन बसला. तो पुन्हा कधी बर्फावर धावला नाही. तरुणपणीच गेला. मारितला हे ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि उद्या सकाळी सामना असणं वेगळं. मी डॉक्टरीणबाईंना फोन करून गॅरेजात बोलावलं आणि मायलेकींना पुन्हा गाडीत घालून तिथे नेलं. आजी म्हातारी झाली की तिच्या हट्टाला घरात मान मिळतो.

लुंडीनबाई रांग मोडून पुढे आल्या. वाद घातला नाही. खिशातून हॉकीची काळी रबरी चकती काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “व्हर्नाबाई, हिचा घसा बघा जरा.”

लोक हसले. व्हर्नाबाई म्हणाल्या, देवाची थट्टा नको. डॉक्टरीणबाईंनी स्वतःच काडी चकतीवर फिरवली, पाण्यात घुसळली, लाल टोपणाच्या बाटलीतला थेंब टाकला आणि पट्टी उभी केली. सगळे वाकून बघत होते.

दोन रेघा.

“बिचारी,” मागून एक बाप म्हणाला. “सरबत पाजा तिला.”

त्यांनी चकतीला खरंच सरबत लावलं, पुसलं, नवी काडी घेतली, थेंब टाकला नाही. एक रेघ. चकती खडखडीत बरी.

मग त्यांनी बाटली उंच धरली. ही प्रत्येक डब्यात येते, म्हणाल्या. आत मेलेले जंतू असतात. पट्ट्या नीट चालतात का, हे तपासायला आम्ही त्यातला थेंब टाकून बघतो. तो टाकला की दारसुद्धा आजारी निघेल.

“पण ब्रिटाच्या घशात जंतू तर खराच होता,” मारित हळूच म्हणाली. “तो कुठे गेला?”

“कुठेच नाही. व्हर्नाबाई काडी गालाला लावतात, जंतू मागे टॉन्सिलच्या गाठींवर असतो. पोराला उमासा आला नाही, तर काडी जागेवर पोचलीच नाही.”

ब्रिटाने तोंड उघडलं. काडी दोन्ही गाठींवर फिरली, तिला जोराचा उमासा आला, डोळे वाहिले. थेंब नाही, सूर नाही. पट्टीवर दुसरी रेघ वर आली, सावकाश, पण ठळक.

व्हर्नाबाई म्हणाल्या, संशयी माणसांसमोर कृपा आटते. रांगेतल्या आयांनी तेवढ्यात पोरांना कोट चढवायला घेतले होते.

बायांनो, बहुतेक घसे आपसूक बरे होतात. त्या यशावर कोणीही भोंदू आपलं नाव लिहू शकतो. जो घसा तसाच सोडून चालत नाही, तो गाण्याने ओळखू येत नाही. काडी कुठे लागली ते बघा, थेंब कसला ते विचारा, आणि औषध दिलं असेल तर ते संपवा. विचारल्याने देव रागावत नाही. रागावतो तो दुकानदार.

मारितने बाटली घरी जाऊन उघडली. ब्रिटा रडत झोपली. सकाळी आमचा संघ सपाटून हरला. दुपारी दुकानात एका खेळाडूच्या बापाने मारितला ऐकवलं, पोरगी चालतीफिरती होती, एक सामना खेळली असती तर काय बिघडलं असतं.

मारितने दुधाची पिशवी उचलली. “सामने दर हिवाळ्यात होतात,” ती म्हणाली. “काळीज तिला एकच आहे.”