ब्रेक दाबला होता

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे आणि माझ्या पोटात एक अख्खं घर आहे. झोपायला फळी, शेगडी, भांड्यांचं कपाट, पाण्याची टाकी, खिडक्यांना निळे पडदे. मी तयार झाले तेव्हा यातलं काहीच नव्हतं. मला बेकरीचे पाव पोहोचवायला बनवलं होतं. पावांचं वजन ते किती असणार? माझे ब्रेकही तेवढ्याच बेताचे होते.

पुढे मला एका मुलीच्या बाबांनी विकत घेतलं आणि हौसेने स्वतः सगळं सुतारकाम केलं. लाकूड चांगलं जाडजूड वापरलं. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण वजन असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. येणारेजाणारे पडद्यांची वाहवा करायचे. चाकांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मला चालवायची ती आई. तिचा हात सराईत होता. तीच एकदा म्हणाली, "अहो, ब्रेक उशिरा लागतायत. दाखवून घ्या ना."

बाबांनी मला फिटरकाकांकडे नेलं. काकांनी चाकं पाहिली आणि सांगितलं, "पुढे डिस्क ब्रेक बसवा. पण जुनं ब्रेक ऑइल सगळं काढायला हवं. आणि गाडी तपासायची ती सामान भरून. रिकामी नको."

बाबांनी डिस्क आणल्या आणि घरीच बसवल्या. ऑइल सांडलं तेवढंच वरून भरलं. काम सोपं जावं म्हणून माझं पोट रिकामं केलं होतं, तशीच मला अंगणात पळवली. मी झटक्यात थांबले.

"बघ, जागच्या जागी," बाबा म्हणाले. "फिटरला काय, काम वाढवायचंच असतं."

दुसऱ्या दिवशी सगळा संसार भरून आम्ही निघालो. वाटेत लांबलचक उतार लागला. माझी चाकं तापली, जुनं ऑइल उकळलं आणि आईच्या पायाखालचं पेडल थेट तळाला गेलं. तिने गिअर उतरवला, हँडब्रेक ओढला आणि मला कडेच्या खडीच्या ढिगात घातलं. मागे बसलेल्या लेकीला साधं खरचटलंही नाही. आईचं मनगट मात्र मोडलं.

मला वाटलं, आता तिची पाठ थोपटतील. तासाभराने बाबांनी पेडल दाबून पाहिलं. तोवर मी गार झाले होते. ब्रेक लागले.

"ब्रेक तर ठणठणीत आहेत. तू घाबरलीस आणि पाय भलतीकडेच दिलास."

"नाही हो. दाबला होता मी. पेडलच खाली गेलं."

त्यांनी ऐकलं नाही. मला तेव्हा इतका राग आला होता, की अजून तो उतरलेला नाही.

नंतर फिटरकाकांनी ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं. आतलं ऑइल काळंकुट्ट झालं होतं. "हे तापलं की उकळतं, मग ब्रेक लागत नाही. गार झालं की पुन्हा लागतो," ते म्हणाले. "ताईंची काही चूक नाही. उलट त्यांच्यामुळे पोर वाचली तुमची."

बाबांनी आजूबाजूला पाहिलं. मग हळूच म्हणाले, "हे घरी बोलू नका."

काकांनी नवं ऑइल भरलं आणि हात पुसले. तेही घरी कुणाला बोलले नाहीत.

आता माझे ब्रेक उत्तम आहेत, पण आईने किल्ली खुंटीला लावली ती कायमची. पाहुणे आले की बाबा तो किस्सा चवीने सांगतात. आधी ती उलट बोलायची. मग नुसती ऐकायला लागली. परवा तीच हसत म्हणाली, "असेल, माझाच पाय चुकला असेल."

मित्रांनो, मला भोंगा आहे, जीभ नाही. गाडीची निगा राखा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात जिच्या चुकीवर सगळे हसतात, तिला एकदा तरी विचारा, तेव्हा नक्की काय झालं होतं. आणि ही आई तुम्हाला भेटलीच कुठे, तर तिला सांगा, तू ब्रेक दाबला होतास.